हात मागं बांध, बाई

पत्रूभाऊ,

तुमच्या मयतीत मी जांभई दिली म्हणून वॉर्डात माझी चांगलीच चर्चा सुरू आहे. एक नाई, तीन दिल्या. तोंड उघडून, सगळ्यांच्या समोर. काल नळावर दोघी जणी बोलून राह्यल्या होत्या, "काय दगडाची बाई आहे बापा! शेजारचा माणूस गेला अन् हिले झोप येऊन राह्यली." मी बादली भरली अन् काहीच न बोलता घरी आली. मी, अन् काहीच न बोलता! तुमी असते तर माझ्या कपाळाले हात लावून ताप पाह्यला असता.

आधी मी हे शुद्ध मराठीत लिहायले बसली होती. 'आदरणीय पत्रूजी' असं लिहिलं अन् पुढं हात चालेना. वाटलं, हे वाचून तुमी ओळखणारच नाई कोण बोलून राह्यलं ते. म्हणून कागद फाडला. जशी भिंतीवरून बोलायची तशीच बोलते. जांभईचं काय झालं ते तुमाले सांगायची गरज नाई, तुमच्यापासूनच शिकली. पण त्याच्या आधीचं एक सांगायचं राह्यलं आहे. सहा वर्षं झाली त्याले.

आपल्या दोघांच्या मधात एक भिंत होती, कंबरेएवढी, अन् तिच्यावर तुमची दोडक्याची वेल. अलीकडं मी, एसटीची कंडक्टर. गडचिरोली-चामोर्शी गाडीत साठ माणसं, चार कोंबड्या अन् दोन भांडणं एका दमात सांभाळणारी. आवाज हेच माझं भांडवल. पलीकडं तुमी, गुरांच्या दवाखान्यातले रिटायर ड्रेसर. कोणी 'डॉक्टर' म्हटलं का लगेच हात जोडायचे, "मी डॉक्टर नाई बापा, मी पट्टी बांधनारा." सकाळी मी ड्युटीवर निघाली का वेलीतून आवाज यायचा, "जयभीम, कंडक्टरबाई! घंटी मारा, सोडा गाडी!" अन् मी रोज तेवढीच चिडायची.

तुमाले पहिल्यांदा पाह्यलं तो दिवस आठवते. आठ वर्षं झाली. मी नवीनच भाड्यानं राहायले आली होती. आपल्या गल्लीतल्या सात कुत्र्यांनी कुठून तरी आलेल्या एका परक्या कुत्र्याले नालीपाशी घेरलं होतं. मी गेटातून ओरडून राह्यली, कोणी काठी शोधून राह्यलं, कोणी दगड. तुमी आले ते रिकाम्या हातानं. त्यांच्याकडं तोंड करून नाई, आडवे, खांदा त्यांच्याकडं करून उकिडवे बसले. नजर तिकडं रस्त्यावर, जशी काही तुमाले बसच पकडायची आहे. अन् मस्तपैकी जांभई दिली. मले वाटलं हा माणूस पिऊन आहे. तुमी दुसरी दिली. तिसरी दिली तेव्हा त्या सातांमधल्या सगळ्यात मोठ्या कुत्र्यानं, ज्याची छाती पाहून माणसं रस्ता बदलत, त्यानंही जांभई दिली! मंग एक फाटक्या कानाची कुत्री उठली, अंग झटकलं अन् चालती झाली. तिच्या मागं बाकीची. परकं कुत्रं शेपूट पायात घालून निघून गेलं. त्याच्या अंगावर ओरखडा नाई.

मी विचारलं, "हे काय जादू केली भाऊ?"

"जादू नोय बाई. त्याईले सांगतलं का मले घाई नाई अन् मले भांडन नाई. डोळ्यात डोळे घातले का कुत्रं समजते, हा लढाले आला. तोंड फिरवलं का समजते, हा घरचा आहे."

मंग तुमी ओळख करून दिली. मोठा तो लोडर. फाटक्या कानाची ती सरपंचीण. "गल्लीचा कारभार हेच पाह्यते. लोडर नुसता अंगानं मोठा." माझ्या अंगावर काटा आला होता, भाऊ. त्याच्यानंतर कितीदा पाह्यलं असेल ते, पण दर वेळी मी तेवढीच थक्क झाली. तुमाले हे कधी तोंडावर म्हटलं नाई, कारण म्हटलं असतं तर तुमी मले महिनाभर चिडवलं असतं.

तेव्हा माझ्यापाशी चिकू होता. पांढरा पामेरियन, तीन किलोचा. गडचांदूरच्या माझ्या भावानं दिलेला. तिथल्या सिमेंट कंपनीच्या कॉलनीतला कोणी साहेब बदलून गेला अन् कुत्रं मागं सोडून गेला. सिमेंटच्या धुळीत वाढलेलं लेकरू, तीनदा आंघोळ घातली तेव्हा कुठी पांढरं दिसलं. लग्न मी केलं नाई. संध्याकाळी कुलूप उघडलं का दाराआड उड्या मारणारं कोणी असेल तर तो चिकू. थंडीत त्याले लाल बंडी शिवली तर तुमी पोट धरून हसले, "अवो, जावई आनला का?"

अन् आपलं ते भांडण. गल्लीतली कुत्री जवळ आली का मी चिकूले उचलून छातीशी धरायची अन् वेलीतून तुमचा आवाज यायचा, "उचलू नको! हात मागं बांध, बाई!"

"काऊन नाई उचलू? एवढासा जीव आहे."

"एवढासा आहे म्हनूनच. हातात वर धरलेली चीज काय आहे ते पाहाले कुत्रं उडी मारतेच. लटकलेले पाय दिसले का धरते. खाली असला तर ते वास घेईन, चिकू बी आपली गोष्ट त्याले सांगन. वरून बिचाऱ्याले काही सांगताच येत नाई."

"अन् चावलं तर?"

"दुरून दिसले तर उचल अन् मागं फिर, त्याले मी नाई नाई म्हनत. पायाशी आल्यावर उचलाचं नाई. पायाशी आले का हात मागं."

"तुमाले बोलायले काय जाते! तुमी बैलांच्या पट्ट्या बांधल्या. बैल कोणी उचलते का?"

दोन वर्षं हे असंच चाललं. तुमी हरले नाई, मी ऐकलं नाई.

आता सांगते.

महाशिवरात्रीचे दिवस. मार्कंड्याची जत्रा म्हणजे आमची परीक्षा. जादा गाड्या, सुट्ट्या बंद. साडेसातची ड्युटी होती म्हणून उजाडताउजाडताच चिकूले फिरवायले काढलं. नालीच्या वळणावर लोडर अन् दोघंतिघं एकदम समोर. पायाशी आले होते. मी उचललं. लोडरले फक्त वास घ्यायचा असेल, त्यानं उडी मारली. मी किंचाळली. साठ माणसं गप्प करणारा आवाज तो, त्यानं सगळीच भडकली. मी गरकन फिरली अन् चिकूचे मागचे पाय लोडरच्या तोंडापुढं गेले. एकच झटका बसला. मी लाथ मारली, धावत घरी आली, गेट लावलं.

पाह्यलं तर पोटापाशी दोन भोकं. हरभऱ्याच्या दाण्याएवढी. रक्तही फारसं नाई. मले वाटलं वाचलो बापा. आपल्याकडं जे सगळेच करतात तेच केलं, हळद भरली, ओढणीनं गुंडाळलं, वाटीत दूध ठेवलं अन् ड्युटीवर गेली. दिवसभर मार्कंड्याच्या धुळीत 'आत सरका, आत सरका' ओरडत होती. एकदाही मनात आलं नाई का इकडं घरी काय चाललं असेल.

सांजेले आली तर दूध तसंच. चिकूचं पोट फुगलं होतं. तुमाले हाक मारली. तुमी चष्मा लावला, हळद पुसली, कैचीनं केस कापले, बोटानं हळूच दाबून पाह्यलं. किती वेळ पाह्यलं!

"केव्हाचं आहे?"

"सकाळचं. गेट उघडं राह्यलं होतं, भाऊ. सुटला बाहेर. मी पोचेपर्यंत लोडरनं धरलं."

तुमी चष्म्यावरून माझ्याकडं पाह्यलं. मले वाटलं आता तुमी काही म्हणाल. तुमी एवढंच म्हणाले, "मोठ्यानं लहान्याले धरलं का वरून दोन टिपके दिसतात अन् आत सगळं पिचून गेलं असते. हळद वरच राह्यते, बाई. असं झालं का तेव्हाच्या तेव्हा डॉक्टरपाशी न्यायचं." मंग तुमीच रस्त्यावर जाऊन ऑटो थांबवला. डॉक्टरनं सलाईन लावलं. तुमी रात्रभर नाई, पण सकाळी सगळ्यांच्या आधी तिथी हजर होते. दुपारी चिकू गेला. त्याची मान तुमच्याच हातात होती.

गेट उघडं नव्हतं, पत्रूभाऊ. मी उचललं होतं.

हे मी कोणालेच सांगतलं नाई. सगळ्या वॉर्डात ओरडत फिरली का लोडर पिसाळला आहे, आज माझं कुत्रं गेलं, उद्या तुमचं लेकरू जाईल. लोडरले पकडून न्या म्हणून नगरपालिकेले अर्ज लिहिला. पहिली सही माझी. तुमी दारोदार जाऊन सांगत होते, "पिसाळला नाई. त्याची सुई मी सोता मारून आनली आहे. पाह्यजे तर दहा दिवस माझ्या दारात बांधून ठेवतो, तुमी पाहा." पण माझ्या आवाजापुढं तुमचा आवाज कोणाले ऐकू येणार? अर्जाचं उत्तर येईपर्यंत कोणी थांबलंही नाई. वॉर्डातल्या चौघांनी गाडी केली, लोडरले पोत्यात घातलं अन् वैनगंगेचा पूल ओलांडून पलीकडच्या जंगलात सोडून आले.

दुसऱ्या दिवशी तुमी सायकल काढली. पासष्टीचा माणूस! रोज सकाळी पूल ओलांडून जायचे, गावोगाव विचारायचे, दुपारी काळेठिक्कर पडून परत यायचे. मी वेलीआडून पाहत होती. एक शब्द बोलली असती तर अर्धा वॉर्ड तुमच्यासोबत शोधायले गेला असता. तोंडातून निघालाच नाई. लाज वाटते लिहितानाही.

सहाव्या दिवशी तुमी सायकल हातानं ढकलत आले. बाजूनं लंगडत लोडर. मानेवर, पाठीवर चाव्याच चाव्या, एक डोळा सुजून बंद. तुमी त्याले ओसरीत घेतलं अन् मलेच हाक मारली, "बाई, कोमट पानी आन." मी पाण्यानं भरलेला गंज, पातेलं, धरून उभी राह्यली. तुमी एकेक जखम धुऊन राह्यले होते.

"वाघानं धरलं का?" मी विचारलं.

"नाई. तिथल्या गावच्या कुत्र्याईनं फाडला. यानं काही केलं नसन, नुसता उभा राह्यला असन. दुसऱ्याच्या हद्दीत कोनतंबी कुत्रं लहानच असते, बाई."

मी गंज वाकवला अन् पाणी जखमेच्या जागी तुमच्या धोतरावर सांडलं. तुमी म्हणाले, "राहू दे, वाळन."

त्या दिवशी सांगायले पाह्यजे होतं.

वर्षभर माझं घर रिकामं होतं. मंग तुमी एक दिवस शर्टाच्या आतून एक पिल्लू, ही फुटाणी, काढून माझ्या हातावर ठेवली. दीड मुठीएवढी, भुरी, कान मोठे. कोणाच्या तरी नागपूरच्या पाहुण्यानं हौसेनं आणलेली अन् नको झालेली. मी म्हटलं, "मले नको. मले कुत्रं सांभाळता येत नाई." तुमी म्हणाले, "येईन. या वेळी आपन बराबर करू."

'आपण' म्हणाले तुमी.

पहिले सुया. "सगळ्या सुया होईपर्यंत गल्लीच्या मातीत पाय नाई. पार्व्होचा रोग मातीत दबा धरून राह्यते." मी खूश झाली, "बरं झालं, उचलूनच ठेवते!" तुमी म्हणाले, "आत्ता उचल. हौस भागवून घे." अन् त्याच महिन्यात तुमी गल्लीतली सातही कुत्री एकेक करून धरली, दवाखान्यातल्या माणसाले बोलावून त्यांनाही पिसाळण्याची सुई मारली. मले कळेना, कुत्रं माझं अन् सुया त्यांना काऊन? "लहान्याले वाचवाचं तर मोठ्याईले सुई मारा लागते. फुटाणी कोनाच्या तोंडापुढं चालनार आहे?"

मंग तो बारदान्याचा प्रकार. फुटाणी ज्या बारदान्यावर, पोत्याच्या तुकड्यावर, झोपायची तो तुमी मागून नेला अन् पिंपळाखाली, जिथी ती सात जणं पडून असतात, तिथी अंथरला. अन् त्यांचा बारदाना, लोडरच्या केसांचा, चिखलाचा, तो माझ्या घरात! मी नाक धरलं.

"गोचीड येतील माझ्या घरात!"

"पाहून, झटकून, उन्हात टाकून आनला आहे."

"सोयरीक जुळवून राह्यले का काय?"

"तसंच समज. आधी वास जाते, मंग मानूस जाते."

चार दिवसांनी पुन्हा अदलाबदल. असं महिनाभर. पहिल्या दिवशी सरपंचीण त्या बारदान्यावर मुतली. मी म्हटलं घ्या, झाला स्वागत समारंभ. एक दिवस तुमी मले ड्युटीवरून येता येता रस्त्यातच अडवलं, ओठावर बोट ठेवून पिंपळापाशी नेलं. सरपंचीण फुटाणीच्या बारदान्यावर मान टाकून गाढ झोपली होती. जिचं तोंड तिनं अजून पाह्यलंही नव्हतं, तिच्या वासावर. आपण दोघं तिथी उभे राह्यलो, देवळात उभं राहावं तसे. मी तिकिटाची मशीन गळ्यात घालून, अन् तुमी हातात दुधाची पिशवी घेऊन. मले खरंच रडू आलं होतं. मी म्हटलं डोळ्यात धूळ गेली.

अन् मंग धुरा. आपल्या वॉर्डाच्या मागं धानाच्या बांध्या, अन् त्यांच्या मधून पाऊलवाटेसारखा मातीचा हातभर रुंद धुरा. धानाले लोंब्या आल्या होत्या, दोन्ही बाजूंनी पाणी. तिथी दोन कुत्री समोरासमोर येऊच शकत नाईत, एकामागं एक चालावंच लागते. ही अक्कल तुमालेच सुचली. तुमी लोडरले दोरीनं घेऊन पुढं, मी फुटाणीले घेऊन वीस पावलं मागं. पट्टा गळ्यात नाई, छातीले, कारण तुमचा हुकूम. दुसऱ्या दिवशी पंधरा पावलं. तिसऱ्या दिवशी दहा. मंग उलटं, फुटाणी पुढं अन् लोडर तिचा माग घेत मागं.  ज्याच्या नावानं मी खोटं बोलली, ज्याले मी जंगलात टाकवलं, तो माझ्या पोटरीपाशी श्वास घेत चालून राह्यला होता अन् त्याच्या मनात माझ्याबद्दल काहीच नव्हतं. नवव्या दिवशी दोघंही थांबून एकाच ठिकाणी बेडूक शोधून राह्यले होते. तुमी मागं वळून म्हणाले, "झालं पाहा."

मी तुमचं बाकी सगळं ऐकलं. पावसाळ्यात रोज संध्याकाळी फुटाणीच्या कानामागं, बोटांच्या बेचक्यात गोचीड पाहायची, चिमट्यानं सरळ ओढायची, माझ्या आईसारखं रॉकेल लावायचं नाई. तिचं जेवण घरात, अन् भांडं उचलून धुतल्याशिवाय गेट उघडायचं नाई. सगळं ऐकलं. एक सोडून. धुऱ्यावर जमायचं, गल्लीत नाई. गल्लीत तिघंचौघं पायाशी आली का माझे हात आपोआप खाली जायचे अन् फुटाणी छातीशी. अन् वेलीतून आवाज, "हात मागं बांध, बाई!" पाच वर्षं. तुमी कधी आवाज चढवला नाई. मी मात्र चढवला. मागच्या महिन्यात तर म्हटलं, "सोडा ना आता भाऊ! माझं कुत्रं, माझे हात!" तुमी हसले, "हाव. हात तुझेच आहेत." आपलं शेवटचं भांडण तेच.

मंगळवारी सकाळी तुमच्या घरच्या वच्छलाबाईनं, तुमच्या बायकोनं, हाक मारली. मी आली तर तुमी ओसरीत खुर्चीवर, चहा अर्धा पेलेला, मान बाजूले. झोपल्यासारखे. मी कंडक्टर, माणूस उठवायची सवय. खांदा हलवला. "भाऊ, स्टॉप आला," असं म्हटलं मी. का म्हटलं माहीत नाई.

दुपारपर्यंत अंगण भरलं. तुमाले पांढऱ्या कपड्यात ठेवलं होतं. बुद्धवंदना झाली. बाहेर गेटापाशी सातही कुत्री. भुंकली नाईत, बसलीही नाईत, नुसती फिरून राह्यली. एवढे पाय, एवढ्या गाड्या, कोणाचं रडणं. तिरडी काढायची म्हणून कोणी तरी वाट करायले लोडरले चप्पल फेकून मारली. म्हातारा झाला आता लोडर, तोंड पांढरं पडलं त्याचं, तरी एकदम फिरला अन् मानेवरचे केस उभे केले. अन् नेमकी त्याच वेळी माणसांच्या पायातून फुटाणी धावत आली. सकाळच्या घाईत माझं गेट मी खरंच उघडं ठेवून आली होती. सहा वर्षांपूर्वी सांगतलेलं खोटं त्या दिवशी खरं झालं, भाऊ.

ती सरळ लोडरच्या तोंडाखाली जाऊन थांबली. लोडरनं दात दाखवले. बाकीची गोल होऊन आली. माझ्या पायाशी.

"उचला वो बाई, उचला! मरून जाईन ते!" सगळे ओरडून राह्यले. कोणी तरी दगड घेतला. माझे हात निघाले होते खाली, अर्ध्यात होते. मी किंचाळणारही होती. तो आवाज गिळला. हात मागं नेले अन् एका हातानं दुसरं मनगट असं धरलं का बांगडीचा वळ अजून आहे. हळूच म्हटलं, "दगड टाका खाली. कोणी हलू नका." आडवी झाली, खांदा लोडरकडं. नजर दूर अंगणाकडं. समोर तुमचे पाय दिसत होते.

अन् जांभई दिली. येत नव्हती. तोंड कोरडं, डोळ्यांतून पाणी, कशीबशी दिली. मागून गुरगुर ऐकू येत होती. दुसरी दिली. गुरगुर बारीक झाली. पाहायचं नाई, पाहायचं नाई, असं मनात म्हणत होती. तिसरी दिली अन् डोळ्याच्या कोपऱ्यातून पाह्यलं. फुटाणीनं आपलं अंग आडवं केलं होतं, शेपूट ना वर ना खाली. ती आपली गोष्ट सांगून राह्यली होती. लोडरनं तिच्या पाठीचा वास घेतला, कानाचा घेतला. मंग झिजलेले दात दाखवत एवढी मोठी जांभई दिली अन् खाली बसला. सरपंचीण मधातून चालत गेली, तिच्या मागं बाकीची. वाट मोकळी झाली. त्याच वाटेनं तुमाले नेलं.

बायांनी फक्त जांभया पाह्यल्या. पाहू द्या.

आज सकाळी मी वच्छलाबाईपाशी गेली. म्हटलं, पत्रूभाऊले सांगता आलं नाई, निदान तुमाले सांगते. सगळं सांगतलं. गेट, हळद, अर्ज, सगळं. मले वाटलं ती मले घराबाहेर काढेल. तिनं माझ्यापुढं चहा सरकवला.

"ते त्याईले त्याच दिवशी माहीत होतं," ती म्हणाली. "घरी येऊन मले म्हनले, जमिनीवर धरलं असतं तर चावा मानेवर, पाठीवर असता. हा पोटाखालून आहे. हिनं उचललं होतं."

मले लोडरची पाठ आठवली. मान आठवली. अन् तुमी माझ्याकडून कोमट पाणी मागितलं होतं ते.

"मंग बोलले काऊन नाई मले? लोडरचा जीव जाऊन राह्यला होता!"

"मी बी तेच म्हनलं. त्यावर म्हनले, लोडरले मी आनतो. तिले बोललो तर ती पुन्हा कुत्रं पोसनार नाई, अन् एकटी राह्यन. तिले लाजवू नको. ज्या दिवशी ती उचलनार नाई ना, त्या दिवशी तिनं मले सांगतलंच असं समज."

 वच्छलाबाई पदरानं डोळे पुसून म्हणाली, "मी तिरडीपाशीच बसून होती मंगळवारी. पाह्यलं मी. सांगतलं बरं तू त्याईले."

भाऊ, पाच वर्षं तुमी भिंतीवरून हाक मारून राह्यले अन् मले वाटायचं का तुमी कुत्र्यासाठीच ओरडता.

आता दुपार आहे. गेट उघडं आहे, मी मुद्दाम ठेवलं. लोडर दारात आडवा पडला आहे अन् फुटाणी त्याच्या पोटाशी बसून माझ्याकडं पाहून राह्यली आहे, आता ही उचलते का नाई. मी बसल्या जागी हात मागं घेतले. जयभीम, पत्रूभाऊ.